बुलिमिया : उपदेश आणि उपचार

कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही मुलांच्या वसतिगृहाचे अधीक्षक असतांना कोठीच्या खोलींतील पदार्थ रात्रीं नाहींसे होऊं लागले. आज दहा-बारा भाकरी, उद्यां गुळाचा मोठा खडा, परवां शेंगदाण्यांचा सबंध डबा, असा प्रकार चालला होता. पाळत ठेवतां एके रात्रीं चोर सांपडला, आणि त्याला पाहून आम्ही थक्क झालों. इयत्ता नववींतील तो मुलगा अभ्यासांत हुषार, वागण्यांत नम्र आणि शाळेच्या क्रिकेटच्या संघांतील जलद गोलंदाज होता. पूर्वीं तो अंगानें स्थूल असे व सोबती त्याला 'भोपळा' म्हणून हांक मारीत. परंतु वर्षभरांत तो पुष्कळ सडपातळ झाला होता, आणि त्याबद्दल आम्हीं स्वतः सर्व मुलांदेखत त्याची वाखाणणी केली होती. त्या रात्रीं आम्हीं त्याला समोर उभें करून आत्मसंयमनावर तासभर उपदेश केला, पुन्हां असें करणार नाहीं अशी शपथ लिहून घेतली, आणि शिक्षा म्हणून आठ दिवस त्याचा संध्याकाळचा खाऊ बंद केला. त्यानें सर्व कांहीं खालीं मान घालून ऐकून घेतलें.

पुढें तीन आठवड्यांनीं मैदानावर गोलंदाजी करीत असतां तो चक्कर येऊन पडला. इस्पितळांत रक्त तपासलें तेव्हां त्यांतील पोटॅशियम फारच कमी झाल्याचें आढळलें. डॉक्टरांनीं त्याचे दांत पाहिले, सुजलेले गाल पाहिले, आम्हांस बाहेर पाठवून त्याच्याशीं एकांतांत बोलणें केलें, आणि नंतर आम्हांस एकच शब्द सांगितला : बुलिमिया.

तो शब्द आम्हांस ठाऊक नव्हता. त्याचा अर्थ शिकावयास आम्हांस वर्ष लागलें. तो मुलगा आतां मोठा होऊन कामधंद्यास लागला आहे. नांव-गांव न सांगतां ही हकीकत लिहावी अशी त्याची अनुमति आहे. किंबहुना तसा त्याचा आग्रहच आहे. विद्यार्थी, पालक आणि शिक्षक या तिघांसहि या विषयाची माहिती असणें अवश्य आहे, म्हणून प्रस्तुत लेखांत आम्ही त्याचा थोडक्यांत विचार करणार आहों.

रोगाचें स्वरूप

'बुलिमिया' हा शब्द मूळचा ग्रीक असून 'बैल' आणि 'भूक' या अर्थांच्या दोन शब्दांपासून तो झाला आहे. सन १९७९ मध्यें लंडन येथील रॉयल फ्री हॉस्पिटलांतील मानसोपचारतज्ज्ञ प्रोफेसर जेरल्ड रसेल यांनीं आपल्या ३० रुग्णांचें वर्णन करून या रोगास 'बुलिमिया नर्व्होसा' असें नांव दिलें. याचीं मुख्य लक्षणें तीन. पहिलें, थोड्या वेळांत सामान्य माणूस खाईल त्याहून पुष्कळच अधिक अन्न खाल्लें जातें, आणि खात असतां आपला हात आपल्या ताब्यांत राहिलेला नाहीं असें वाटतें. दुसरें, तें खाणें जणूं झालेंच नाहीं असें करण्यासाठीं रुग्ण ओकारी काढतो, रेचकें घेतो, कडक उपास करतो किंवा बेसुमार व्यायाम करतो. तिसरें, आपली सारी किंमत तो आपल्या वजनावरून व बांध्यावरून ठरवितो. अमेरिकेंतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनें २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या निदानग्रंथाप्रमाणें, असे प्रकार सरासरीनें आठवड्यांतून निदान एकदां, याप्रमाणें तीन महिने चालू राहिल्यास त्यांस हें नांव द्यावें.

हा रोग ओळखूं येत नाहीं याचें एक कारण असें कीं, रुग्णाचें वजन बहुधा सामान्यच असतें. तो चारचौघांत बेतानें जेवतो. जें घडतें तें एकांतांत घडतें, आणि शरमेमुळें तो तें जिवलग मित्रासहि सांगत नाहीं. रुग्णांत मुली व तरुण स्त्रिया यांची संख्या अधिक असते हें खरें. ब्रिटनची राजस्नुषा डायाना हिनें १९९५ सालच्या एका मुलाखतींत आपल्या या विकाराविषयीं मोकळेपणानें सांगितलें होतें. परंतु पुरुष यांतून सुटलेले नाहींत. ब्रिटनचे दहा वर्षें उपपंतप्रधान असलेले जॉन प्रेस्कॉट यांनीं २००८ सालीं हीच गोष्ट आपल्याविषयीं सांगितली. आमच्या क्रिकेटप्रेमी वाचकांस इंग्लंडचा अँड्र्यू फ्लिंटॉफ आठवत असेल. ता. ३ फेब्रुवारी २००२ रोजीं मुंबईच्या वानखेडे मैदानावर भारताचा शेवटचा गडी बाद करून, सदरा काढून हवेंत फिरवीत धांवणारा तोच हा धिप्पाड गोलंदाज. वर्तमानपत्रांतून त्याच्या वजनाची थट्टा होत असे, आणि त्या दिवसांत आपणांस हा विकार जडला असें त्यानें पुढें जाहीरपणें सांगितलें. २०२० सालीं बीबीसीनें त्याच्या या अनुभवावर एक माहितीपट दाखविला. शरीरानें बलवान् असणें हें या रोगापासून संरक्षण नव्हे.

शरीराची हानि मात्र मोठी होते. ओकारीबरोबर येणाऱ्या जठरांतील आम्लानें दांतांचें कवच झिजतें, गालांतील लाळेच्या ग्रंथि सुजतात, आणि रक्तांतील पोटॅशियम कमी झाल्यास हृदयाचे ठोके अनियमित होऊन प्रसंगीं प्राणावर बेततें. इतकें करून हेतु तरी साध्य होतो काय? तोहि नाहीं. खाल्लेल्या अन्नाचा बराचसा भाग शरीरांत राहतोच, आणि रेचकांनीं जें जातें तें बहुतेक पाणीच असतें.

भुकेचें चक्र

मग असा माणूस मनाला आवर कां घालीत नाहीं? हाच प्रश्न त्या रात्रीं आम्हीं त्या मुलास विचारला होता. त्याचें उत्तर असें आहे कीं, तो आवर घालण्याचाच अतिरेक करीत असतो. हें नीट समजण्यासाठीं एक जुना प्रयोग पाहूं.

सन १९४४ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत अँसेल कीज यांनीं उपासमारीच्या परिणामांचा अभ्यास आरंभिला. युद्धांत शस्त्र धरण्यास आपल्या सदसद्विवेकबुद्धीस अनुसरून नकार देणारे ३६ निरोगी तरुण त्यासाठीं आपखुषीनें पुढें आले होते. २४ आठवडे त्यांस अर्धपोटीं ठेवण्यांत आलें. पाहतां पाहतां त्यांचीं मनें अन्नाच्या विचारांनीं व्यापून गेलीं. ते पाककृतींचीं पुस्तकें वाचीत बसत. कांहींजणांचा निर्धार मध्येंच मोडून त्यांनीं अनावरपणें खाल्लें व मागाहून ते स्वतःला दोष देत राहिले. पुढें भरपूर अन्न मिळूं लागल्यावरहि कित्येकांची तृप्ति होईना. पोट भरे, पण भूक शमत नसे. सबंध राष्ट्राच्या रोषाविरुद्ध आपल्या निश्चयावर ठाम राहिलेल्या या तरुणांस मनाचे दुबळे कोण म्हणेल? त्यांच्या ठिकाणीं उणीव होती ती अन्नाची.

या रोगाचें चक्र असेंच फिरतें. 'मी जाड, म्हणून मी कुचकामाचा' हा पहिला विचार. त्यांतून खाण्याचे कडक नियम निघतात : न्याहारी नको, भात नको, गोड तर मुळींच नको. उपाशी शरीर एके वेळीं बंड करतें व एक नियम मोडतो. 'आतां मोडलाच आहे तर मोडूं दे' असें म्हणून सगळेच नियम मोडतात. मग भय, मग ओकारी, मग घोर लाज. आणि त्या लाजेंतून दुसऱ्या दिवशींसाठीं पूर्वींपेक्षां कडक नियम. उपदेशानें लाज वाढते व शपथेनें नियम वाढतात. आम्हीं मुलाला दोन्ही दिलीं होतीं, आणि वर खाऊ बंद करून उपासहि दिला होता.

उपचाराचा मार्ग

हें चक्र ओळखून तें तोडण्याची पद्धति ऑक्सफर्ड येथील मानसोपचारतज्ज्ञ क्रिस्टोफर फेअरबर्न यांनीं १९८१ सालीं प्रथम प्रसिद्ध केली. विचार आणि वर्तन या दोहोंवर एकदम काम करणारी म्हणून तिला 'कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी' म्हणतात. साधारणतः २० आठवड्यांत २० भेटी, असा तिचा क्रम असतो. आरंभीं आठवड्यास दोन भेटी होतात. हिच्यांत काय घडतें तें आमच्या मुलाच्या उदाहरणानेंच सांगतों.

रक्तांतील पोटॅशियम पूर्ववत् झाल्यावर डॉक्टरांनीं त्याला शहरांतील एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे पाठविलें. आम्ही त्याला घेऊन एस. टी. नें जात असूं. पहिल्या भेटींत बाई त्याची कानउघाडणी करतील अशी आमची अपेक्षा होती. त्यांनीं एक कोरा कागद घेतला, आणि त्याच्याच तोंडून ऐकत ऐकत वर सांगितलेलें चक्र त्यावर काढलें. 'यांत तुझा दोष कोठें आहे तें शोधूं नकोस. हें कोठें तुटेल तें आपण दोघें मिळून शोधूं,' असें त्या म्हणाल्या. मुलानें त्या दिवशीं प्रथमच मान वर केली.

नंतर त्यांनीं त्याला एक वही दिली. काय खाल्लें, किती वाजतां, कोठें, खातांना ताबा सुटला काय, आणि त्या वेळीं मनांत काय होतें, हें सर्व त्याच क्षणीं लिहावयाचें. रात्रीं आठवून नव्हे. दोन आठवड्यांत वहीनें एक गोष्ट स्पष्ट केली. ज्या दिवशीं तो दुपारचें जेवण टाळी, त्याच रात्रीं झटका येई. त्या भेटीस बाईंनीं आम्हांसहि आंत बोलाविलें होतें. आम्हीं खाऊ बंद केला होता त्या आठ दिवसांत एकहि रात्र सुटली नव्हती, असें मुलानें आठवून सांगितलें. तें ऐकून आम्ही खिडकीबाहेर पाहूं लागलों.

उपचाराचा कणा म्हणजे वेळच्या वेळीं खाणें. तीन वेळां जेवण व दोन-तीन वेळां थोडा फराळ, आणि मध्यें चार तासांहून अधिक खंड नको; भूक असो वा नसो, आदल्या रात्रीं झटका आलेला असो वा नसो. रुग्णास याची फार भीति वाटते, कारण वजन भराभर वाढेल अशी त्याची खात्री असते. म्हणून वजन घरीं पाहावयाचें नाहीं. आठवड्यांतून एकदांच उपचारकाच्या समोर पाहावयाचें व त्याची नोंद ठेवावयाची. बहुतेकांच्या वजनांत फारसा फरक पडत नाहीं, हें त्या नोंदींवरून त्यांस आपल्याच डोळ्यांनीं दिसतें. जो खाऊ आम्हीं शिक्षा म्हणून बंद केला होता, तोच आतां रोज संध्याकाळीं पांच वाजतां औषधासारखा देण्याची आज्ञा आम्हांस झाली.

जेवणानंतरचा काळ सर्वांत कठीण. ओकारीची ऊर्मि लाटेप्रमाणें चढते, परंतु तिला वाट न दिल्यास लाटेप्रमाणेंच ओसरते, असें बाईंनीं समजाविलें. तो वेळ जाण्यासाठीं काय करतां येईल याची मुलानें स्वतः यादी केली. तींत पहिली गोष्ट कॅरम ही होती. त्यामुळें पुढील कित्येक महिने रात्रीच्या जेवणानंतर अर्धा-पाऊण तास आम्ही त्याच्याशीं कॅरम खेळलों, आणि बहुतेक हरलों.

पुढच्या टप्प्यांत विचारांची पाळी आली. 'निषिद्ध' ठरविलेले पदार्थ एक एक करून पुन्हां ताटांत आले. एका गुळाच्या खड्यानें प्रलय होत नाहीं हें त्यानें अनुभवानें शिकावयाचें होतें. आरशांत वारंवार पाहणें, पोटाची घडी चिमटींत धरून मोजणें, या संवयी कमी करण्यांत आल्या. एके दिवशीं बाईंनीं त्याला एक वर्तुळ काढावयास सांगितलें, आणि आपली किंमत कशाकशावरून ठरते त्याप्रमाणें त्याचे भाग पाडावयास सांगितले. त्यानें तीन चतुर्थांश भाग वजनास दिला. उरलेल्या चतुर्थांशांत अभ्यास, गोलंदाजी, धाकटी बहीण आणि पेटी वाजविणें हीं सर्व कशीबशीं मावलीं. वजनाचा भाग नुसता पुसून चालत नाहीं; दुसरे भाग वाढवावे लागतात. म्हणून त्यानें आठवड्यांतून दोन दिवस पेटीचा अभ्यास पुन्हां सुरू करावा असें ठरलें.

सातव्या आठवड्यांत तो पुन्हां घसरला. आम्हांस वाटलें, सर्व श्रम फुकट गेले. बाई म्हणाल्या, 'वही पाहूं.' त्या दिवशीं सामन्यामुळें दुपारचें जेवण चुकलें होतें, आणि संध्याकाळीं घरून गुणांविषयीं रागाचें पत्र आलें होतें. एकदां घसरणें म्हणजे मूळ पदावर येणें नव्हे, हें उपचाराच्या अखेरच्या भेटींत मुद्दाम शिकविलें जातें. रुग्णानें धोक्याचे प्रसंग कोणते, त्या वेळीं काय करावयाचें, याची लेखी योजनाच करून ठेवावयाची असते.

गुण किती येतो?

येथें खरें तेंच सांगितलें पाहिजे. सन २००० मध्यें अमेरिकेंत २२० रुग्णांवरील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वर वर्णिलेल्या उपचारानें उपचाराच्या अखेरीस शेंकडा २९ रुग्ण पूर्ण बरे झाले होते. व्यक्तिव्यक्तींतील संबंधांवर भर देणाऱ्या दुसऱ्या उपचारानें शेंकडा ६. परंतु वर्षानंतर पाहतां या दोहोंत म्हणण्यासारखें अंतर उरलें नव्हतें. दुसरा उपचार सावकाश लागू पडतो, एवढाच त्याचा अर्थ. सन २०१४ मध्यें कोपनहेगन येथील ७० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत पांच महिन्यांच्या वरील उपचारानें दोन वर्षांच्या अखेरीस शेंकडा ४४ रुग्णांचे झटके व ओकाऱ्या थांबलेल्या आढळल्या. मनोविश्लेषणाचा उपचार दोन वर्षें घेणाऱ्यांत हें प्रमाण शेंकडा १५ होतें. म्हणजे उत्तम उपचारानेंहि सर्वच बरे होतात असें नाहीं, आणि पुष्कळांस दुसऱ्यांदां प्रयत्न करावा लागतो. मात्र ज्यांचे झटके पूर्ण थांबत नाहींत त्यांतील अनेकांचे ते कमी होतात, हाहि लाभ लहान नव्हे.

अल्पवयीन रुग्णांच्या बाबतींत कुटुंबास बरोबर घेतल्यास अधिक लवकर गुण येतो असें २०१५ सालच्या एका अमेरिकन अभ्यासांत दिसून आलें. त्या उपचारांत आईबापांस दोष देत नाहींत. जेवणाच्या वेळा सांभाळण्यास त्यांचें साह्य घेतात. म्हणून ब्रिटनच्या २०१७ च्या मार्गदर्शक नियमांत मुलांसाठीं कौटुंबिक उपचार प्रथम सांगितला आहे. प्रौढांसाठीं आरंभीं मार्गदर्शनासह पुस्तकाच्या आधारें स्वतः करावयाचा उपचार, व तो न मानवल्यास वरील २० भेटी. फ्लुऑक्सेटीनसारख्या औषधाचा कांहीं प्रौढ रुग्णांस उपयोग होतो, पण तें डॉक्टरांनींच द्यावयाचें, आणि एकट्या औषधावर विसंबूं नये असें तेच नियम सांगतात. आमच्या मुलाचे आईबाप दूरच्या गांवीं होते. तेव्हां कुटुंबाची जागा वसतिगृहानें घेतली, आणि आईबाप सुटींत येऊन बाईंस भेटत.

आपलें कर्तव्य

पालक व शिक्षकहो, मुलांच्या शरीरावर टीका करूं नका, थट्टेनेंहि नको. 'काय रे, अंग सुटलें!' हें वाक्य आपण सहज बोलतों व विसरतों. ऐकणारा विसरत नाहीं. सडपातळ झाल्याबद्दल जाहीर स्तुति करणें हीहि एक टीकाच आहे, हें आम्ही अनुभवानें सांगतों. एखादें मूल जेवण होतांच नेहमीं उठून नाहींसें होत असेल, खाण्याचे पदार्थ लपवीत असेल, त्याचे गाल सुजत असतील वा दांत झिजत असतील, तर न्हाणीघराच्या दारावर पहारा न ठेवतां त्याला एकांतांत विचारा : 'तुला कांहीं त्रास होतो आहे काय?' आणि मग ऐकून घ्या.

विद्यार्थ्यांनो, तुमच्या मित्राला किंवा मैत्रिणीला असें होत असेल तर तें गुपित एकट्यानें संभाळूं नका. विश्वासांतील वडील माणसास सांगा. ही चहाडी नव्हे. स्वतःला होत असेल तर डॉक्टरांस अवश्य सांगा. ओकारी झालीच तर लगेच दांत न घांसतां पाण्यानें चूळ भरा. चक्कर, छातींत धडधड, ओकारींत रक्त, किंवा जीव नकोसा वाटणें, यांपैकीं कांहींहि झाल्यास त्याच क्षणीं इस्पितळ गांठा. भारत सरकारनें ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' नांवाची विनामूल्य सेवा सुरू केली असून १४४१६ या क्रमांकावर मराठींतहि बोलतां येतें.

असो. त्या मुलाला पूर्ण बरें व्हावयास सुमारें दीड वर्ष लागलें. शाळा सोडून जातांना तो आमच्याकडे निरोप घ्यावयास आला, तेव्हां आम्हीं जपून ठेवलेला त्याच्या शपथेचा कागद त्याच्या हातांत दिला व त्याची क्षमा मागितली. त्यानें तो वाचला, घडी करून खिशांत घातला, आणि म्हणाला, 'सर, पांच वाजले. आज खाऊ काय आहे?'